प्रकाशाच्या वेगाने निघालो तर? वही-पेन घेऊन उत्तर स्वतः काढायची रीत

"प्रकाशाच्या वेगाने गेलं की वेळ थांबते आणि वस्तुमान अनंत होतं." हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकलं असेल, ऐकून मानही डोलावली असेल. पण ते खरोखर पटलं होतं का? मला तर ते कित्येक वर्षं पटत नव्हतं. पटावं असं त्यात काही सांगितलेलंच नसतं, फक्त निकाल ऐकवलेला असतो. ज्या दिवशी मी चौकटीच्या वहीत तीन रेघा ओढून हा हिशेब स्वतः केला, त्या दिवशी मात्र रात्री झोप लागली नाही. तोच हिशेब तुमच्याकडून करून घ्यावा, म्हणून हा लेख.

साहित्य थोडंसंच लागेल: चौकटीची वही, पट्टी आणि वर्गमूळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर. गणित म्हणाल तर पायथागोरसचं प्रमेय पुरे. तासभर निवांत वेळ मात्र काढा.

पहिली पायरी: आधी प्रश्न दुरुस्त करा

प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. हा आकडा मोजमापातून आलेला अंदाज राहिलेला नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते. ढोबळ हिशेबाला सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरा. चंद्रापर्यंत सव्वा सेकंद, सूर्यापर्यंत आठ मिनिटं आणि सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत, म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंत, ४.२४ वर्षं.

आइनस्टाइनला सोळाव्या वर्षी एक प्रश्न पडला होता: प्रकाशकिरणाच्या मागे प्रकाशाच्याच वेगाने धावलो, तर तो किरण मला कसा दिसेल? जागच्या जागी गोठलेली लाट दिसायला हवी. पण तशी लाट निसर्गात कुणी पाहिलेली नव्हती आणि विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांतही ती बसत नव्हती. पुढे १९०५ मध्ये त्यांनी जे उत्तर दिलं त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो: एकसमान वेगाने जाणारा कोणीही प्रकाशाचा वेग मोजो, आकडा तोच येणार.

ही ओळ घाईने वाचून पुढे जाऊ नका. धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो, प्रकाशाला मिळत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९६४ मध्ये हे थेट तपासलं गेलं. प्रकाशाच्या ०.९९९७५ पट वेगाने धावणारे पायॉन नावाचे कण विघटन पावताना गॅमा किरण सोडतात. पुढच्या दिशेने निघालेल्या त्या किरणांचा वेग मोजला, तर तो जवळजवळ दुप्पट भरला नाही. तो नेहमीचाच प्रकाशाचा वेग होता.

आता याचा परिणाम पाहा. तुमचं यान पृथ्वीच्या दृष्टीने प्रकाशाच्या ०.९९ पट वेगाने चाललंय आणि तुम्ही पुढे टॉर्च मारलात. झोत तुमच्यापासून सेकंदाला ३ लाख किलोमीटरनेच दूर जाईल, घरात उभं राहून मारला असता तर गेला असता तसाच. वेग ०.९९९९ केलात तरी तेच. पृथ्वीवरचा माणूस म्हणेल, "पठ्ठ्या प्रकाशाच्या अगदी जवळ पोचला!" पण तुमच्या बाजूने पाहिलं तर प्रकाश तसूभरही जवळ आलेला नसतो. प्रकाशाचा वेग म्हणजे वाटेत पुढे उभी असलेली भिंत असं चित्र आपल्या डोक्यात असतं. ते आत्ताच पुसून टाका. तुम्ही जितके पुढे जाल तितकंच पुढे सरकणारं हे क्षितिज आहे.

म्हणून "प्रकाशाच्या वेगाने गेलो तर" ऐवजी वहीत असं लिहा: *प्रकाशाच्या ०.९९ पट वेगाने गेलो तर कोणाच्या घड्याळाने काय होईल?* खाली दोन रकाने आखा, "पृथ्वी" आणि "यान". या विषयातले बहुतेक गोंधळ "कोणाच्या घड्याळाने?" हे न विचारल्यामुळे होतात.

दुसरी पायरी: तीन रेघांचं घड्याळ

एक साधं घड्याळ कल्पा. खाली एक आरसा, वर एक आरसा, मध्ये प्रकाशाचा एक ठिपका. तो खालून वर पोचला की घड्याळाचा एक टोला पडला.

हे घड्याळ यानात ठेवा. वहीत ४ चौकटींची उभी रेघ ओढा. यानातल्या माणसाला प्रकाश असाच सरळ वर जाताना दिसतो. प्रकाश एक चौकट जितक्या वेळात कापतो त्याला "एक क्षण" म्हणू. म्हणजे यानात ४ क्षण गेले.

आता हीच घटना पृथ्वीवरून पाहा. प्रकाश वर चढत असताना यान उजवीकडे सरकलेलं आहे, समजा ३ चौकटी. उभ्या रेघेच्या पायथ्यापासून डावीकडे ३ चौकटींची आडवी रेघ ओढा. तिचं डावं टोक आणि उभ्या रेघेचा माथा जोडा. ही तिरकी रेघ म्हणजे पृथ्वीवरून दिसलेली प्रकाशाची वाट. पट्टीने मोजा: ५ चौकटी. तीन, चार, पाचचा जुना ओळखीचा काटकोन त्रिकोण.

प्रकाशाचा वेग दोघांसाठी सारखाच आहे, हे आपण आधीच कबूल केलंय. मग ५ चौकटी कापायला ५ क्षण लागणारच. एकच घटना, खालच्या आरशापासून वरच्या आरशापर्यंत. यानाच्या घड्याळाने ४ क्षण, पृथ्वीच्या घड्याळाने ५. यानाचा वेग किती होता? ५ क्षणांत ३ चौकटी, म्हणजे प्रकाशाच्या ०.६ पट.

कालविस्तार म्हणतात तो एवढाच. यात कुठेही अवघड गणित नाही आणि पळवाटही नाही. निष्कर्ष नको असेल तर प्रकाशाचा वेग सर्वांना सारखा हे गृहीतक नाकारावं लागेल, आणि ते तर मोजून झालंय.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे: हे आरशांचं घड्याळ मंद झालं असेल, पण मनगटावरचं घड्याळ, हृदयाचे ठोके, केस-नखांची वाढ, हे सगळं कशाला मंद होईल? समजा झालं नाही. मग यानातल्या माणसाला आरशांचं घड्याळ मनगटी घड्याळापेक्षा मागे पडताना दिसेल आणि खिडकी बंद असूनही "आपण चाललोय" हे त्याला कळेल. पण १६३२ मध्ये गॅलिलिओने दाखवून दिलं होतं की संथ, सरळ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालतंय की उभं आहे हे कोणत्याही प्रयोगाने ओळखता येत नाही. ते तत्त्व टिकायचं तर सगळीच घड्याळं एकत्र मंद व्हायला हवीत, नाडीसुद्धा. म्हणून यानातल्या माणसाला काहीच जाणवत नाही. त्याची नाडी त्याच्या घड्याळाप्रमाणे मिनिटाला ७२ असेल तर ७२च राहते.

तिसरी पायरी: कॅल्क्युलेटर

कोणत्याही वेगासाठी तोच त्रिकोण वापरून एक गुणक निघतो, त्याला गॅमा म्हणतात. कृती अशी: वेग प्रकाशवेगाच्या पटीत लिहा, त्याचा वर्ग करा, तो १ मधून वजा करा, वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. ०.६ घालून पाहा, १.२५ येईल, म्हणजेच ५ भागिले ४. आता पुढचे वेग:

०.१ ला १.००५
०.५ ला १.१५
०.९ ला २.२९
०.९९ ला ७.०९
०.९९९ ला २२.४
०.९९९९ ला ७०.७

अर्ध्या प्रकाशवेगापर्यंत फारसं काही घडत नाही. खरा चढ शेवटच्या नवांमध्ये आहे, दर दोन नऊ वाढले की गॅमा साधारण दहापट होतो. आता १ घालून पाहा. शेवटी शून्याने भागायची वेळ येते आणि कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. ती चूक लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

नऊ फार झाले की साधे कॅल्क्युलेटर दगा देतात. तेव्हा ही युक्ती वापरा: वेग १ पेक्षा जितका कमी आहे तेवढी तूट घ्या, तिची दुप्पट करा, वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा.

माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सौर यान. २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याजवळून जाताना त्याचा वेग ताशी सुमारे ६,९२,००० किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला १९२. प्रकाशवेगाच्या पटीत ०.०००६४. त्या वेगाने वर्षभर जात राहिलं तरी केवळ वेगामुळे घड्याळ साडेसहा सेकंदच मागे पडेल.

चौथी पायरी: निसर्गाकडून पडताळून घ्या

हिशेब कितीही सुंदर असला तरी निसर्गाने "हो" म्हटल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. सुदैवाने साक्षीदार आत्ता या क्षणी तुमच्या तळहातातून आरपार जातायत. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. म्हणजे म्यूऑन वाटेतच संपायला हवेत. तरीही तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जात असतो.

वेग ०.९९९ धरा. गॅमा २२.४. पृथ्वीच्या घड्याळाने त्याचं आयुष्य ४९ मायक्रोसेकंद होतं आणि तेवढ्यात तो जवळजवळ १५ किलोमीटर येतो. हिशेब जुळला! अशा वेगवान अल्पायुषी कणांवरून सापेक्षतेची सरळ परीक्षा घेता येईल, हे १९३८ मध्ये होमी भाभांनी दाखवून दिलं होतं. १९७७ मध्ये सर्नमध्ये म्यूऑन कड्यात फिरवत ठेवून मोजले, तेव्हा २.२ ऐवजी ६४.४ मायक्रोसेकंद भरले. त्या वेगाचा गॅमा होता २९.३. गुणून पाहा.

उपग्रहांचाही दाखला आहे. जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. दोन्ही मिळून ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर नकाशातला ठिपका दिवसभरात कित्येक किलोमीटर भरकटेल.

म्यूऑनपाशी अजून एक क्षण थांबा. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं घड्याळ ठीकच चाललंय, आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे. मग तो जमिनीपर्यंत कसा पोचला? त्याच्यासाठी वातावरणाची जाडीच आक्रसलेली आहे: १५ किलोमीटर भागिले २२.४, म्हणजे ६७० मीटर. जे पृथ्वीच्या रकान्यात "वेळ ताणली" म्हणून लिहायचं, तेच प्रवाशाच्या रकान्यात "अंतर आटलं" म्हणून लिहायचं. दोन्ही बरोबर.

पाचवी पायरी: आता निघा

प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षं, वेग ०.९९. पृथ्वीच्या रकान्यात अंतर ४.२४ आणि प्रवास ४.२८ वर्षांचा. यानाच्या रकान्यात अंतर ४.२४ भागिले ७.०९, म्हणजे ०.६ प्रकाशवर्षं, आणि प्रवास सव्वासात महिन्यांचा.

"चार प्रकाशवर्षं सात महिन्यांत कापली, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेग झाला की!" असं कुणी म्हणालं तर त्याने एका रकान्यातलं अंतर आणि दुसऱ्या रकान्यातली वेळ घेतलीय. भागाकार एकाच रकान्यात करायचा.

सहावी पायरी: जुळ्यांचा हिशेब, निरोप मोजून

इथे जरा जास्त वेळ द्या. एक बहीण पृथ्वीवर, जुळी बहीण यानात. यानातली परत येते तेव्हा वयाने लहान असते. आक्षेप असा: यानाच्या दृष्टीने तर पृथ्वीच दूर गेली आणि परत आली, मग पृथ्वीवरची लहान का नाही? या प्रश्नाला तोंडी उत्तरं पुष्कळ दिली जातात, पण समाधान होतं ते मोजल्यावरच.

तारा ३ प्रकाशवर्षांवर घ्या, वेग ०.६. पृथ्वीच्या घड्याळाने जायला ५ वर्षं, यायला ५, एकूण १०. गॅमा १.२५, म्हणून यानात ४ अधिक ४, एकूण ८. दोघींनी ठरवलंय की आपापल्या घड्याळाने दर वर्षी एकमेकींना रेडिओवरून एक निरोप पाठवायचा.

निरोप प्रकाशाच्या वेगाने जातात. एकमेकींपासून दूर जाताना प्रत्येक पुढच्या निरोपाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ते विरळ येतात. ०.६ वेगाला हा गुणक नेमका २ येतो (१.६ भागिले ०.४, त्याचं वर्गमूळ). जाताना दर २ वर्षांनी एक निरोप, येताना वर्षाला २.

यानातली मोजते: जाताना ४ वर्षांत २ निरोप, येताना ४ वर्षांत ८. एकूण १०. म्हणजे बहीण १० वर्षांनी मोठी झाली.

पृथ्वीवरची मोजते. यान पाचव्या वर्षी वळलं खरं, पण वळल्याची बातमी यायला आणखी ३ वर्षं लागली. म्हणून आठव्या वर्षापर्यंत तिला विरळच निरोप येतात, ८ वर्षांत ४. उरलेल्या २ वर्षांत भराभर ४. एकूण ८. म्हणजे बहीण ८ वर्षांनीच मोठी झाली.

दोघींचे आकडे जुळले, वाद मिटला. फरक कुठे पडला तेही दिसतं: यानातलीने जेव्हा यान वळवलं, त्याच क्षणी तिच्याकडचे निरोप दाट झाले. पृथ्वीवरचीला तो बदल ३ वर्षं उशिरा दिसला. दोघींची स्थिती सारखी नव्हतीच, वळण एकीनेच घेतलं होतं. मला हा पुरावा या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, कारण यात विश्वास ठेवायला काहीच उरत नाही, नुसते निरोप मोजायचे असतात.

सातवी पायरी: खिडकीतून बाहेर बघा

अंतराळयान वेगात गेलं की तारे पांढऱ्या रेघांसारखे मागे पळतात, असं चित्र नेहमी दाखवतात. प्रत्यक्षात बरोबर उलट दिसेल. पावसात उभे असाल तर थेंब सरळ डोक्यावर पडतात, धावू लागलात की तेच थेंब समोरून तोंडावर येतात. ताऱ्यांच्या प्रकाशाचं तसंच होतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, तेवढ्या वेगानेही तारे जागेवरून २०.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकलेले दिसतात. जेम्स ब्रॅडलीने १७२८ च्या सुमारास हे ओळखलं.

०.९९ वेगाला हाच परिणाम प्रचंड होतो. ठीक बाजूला, ९० अंशांवर असलेला तारा समोरच्या बिंदूपासून फक्त ८ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते, यावरून कल्पना करा: समोरचं अर्धं आकाश जेमतेम दीड मुठीच्या वर्तुळात गोळा होतं. मागच्या आकाशातलेही बहुतेक तारे सरकून पुढे येतात आणि पाठीमागे जवळजवळ रिकामा काळोख उरतो.

रंगही बदलतात. समोरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १४ पट आखूड होते. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ३९ नॅनोमीटरचा अतिनील होतो आणि डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याच्या जागी, एरवी न दिसणारे अवरक्त किरण दृश्य होतात, म्हणजे थंड ताऱ्यांची आणि धुळीच्या ढगांची ऊब डोळ्यांना दिसू लागते.

वेग आणखी वाढवून गॅमा १००० वर न्या, म्हणजे ०.९९९९९९५. विश्वाच्या बालपणीचा जो प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडे उरलाय, त्याचं तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा फक्त २.७ अंश वर आहे. नेमक्या समोरच्या बिंदूपाशी ते २००० पट होऊन सुमारे ५,४५० अंश भासेल, जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाएवढं. विश्वाचा सर्वांत जुना, सर्वांत थंड प्रकाश समोर एका छोट्याशा ठिपक्यात सूर्यासारखा पेटलेला. हे दृश्य कधी कोणी पाहील असं वाटत नाही, पण हिशेबातून ते समोर उभं राहतं तेव्हा अंगावर काटा येतो.

आठवी पायरी: वेग गाठायचा कसा, आणि त्याचं बिल

माणसाला वेग सोसतो, वेगातला बदल सोसत नाही. म्हणून यानाचा वेग आपल्या ओळखीच्या गुरुत्वत्वरणानेच वाढवत नेऊ, सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद. फायदा असा की यानात पृथ्वीवर उभं राहिल्यासारखंच वाटेल. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून तेवढाच कमी करत जायचा. प्रॉक्सिमाला यानातली साडेतीन वर्षं लागतात, पृथ्वीवरची ५.९. आकाशगंगेचं केंद्र २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, यानात लागतील जेमतेम २० वर्षं. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, तिथे सुमारे २९ वर्षांत. एका आयुष्यात देवयानी! परतलात तर मात्र पृथ्वीवर ५० लाख वर्षं उलटून गेलेली असतील. निरोप घेताना तो कायमचाच घ्यावा लागेल.

आता बिल. ७० किलोच्या एका माणसाला, यानाशिवाय नुसत्या माणसाला, ०.९९ वेग द्यायला सुमारे १० लाख कोटी युनिट वीज लागेल. सगळं जग वर्षभरात जेवढी वीज तयार करतं, तिचा जवळपास एक-तृतीयांश भाग. इंधन सोबत न्यायचं तर ते स्वतःही ढकलावं लागतं. कल्पनेतलं सर्वोत्तम इंधन घ्या, द्रव्य आणि प्रतिद्रव्य, ज्याचं पूर्णपणे प्रकाशात रूपांतर होतं. तरी वरच्या पद्धतीने प्रॉक्सिमाला जाऊन थांबायचं तर पोचणाऱ्या दर किलोमागे सुमारे ३८ किलो इंधन लागेल. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत दर किलोमागे ७२ कोटी किलो.

आणि वाट रिकामी नसते. ०.९९ वेगाने एक ग्रॅमचा खडा आदळला तर १३० किलोटन टीएनटीएवढी ऊर्जा सुटेल, हिरोशिमावरच्या बॉम्बच्या आठ-नऊपट. खडा चुकवता येईल, पण विरळ हायड्रोजन चुकवता येणार नाही. घनसेंटीमीटरला एक अणू धरला तरी यानाच्या दर्शनी पृष्ठभागावर दर चौरस मीटरला १९ लाख वॉट एवढा मारा होतो. पृथ्वीपाशी सूर्याचा मारा १,३६१ वॉट असतो. हा मारा नुसत्या उष्णतेचाही नाही, तो घातक किरणोत्सर्ग आहे. मला विचाराल तर दूरच्या प्रवासाचा खरा शत्रू ही धूळ आणि हा वायू आहे, घड्याळ नाही.

शेवटची पायरी: कॅल्क्युलेटरची ती चूक

आता १ टाकल्यावर आलेल्या चुकीकडे परत या. ऊर्जेचं बिल गॅमाबरोबर वाढतं आणि गॅमाला वरची मर्यादा नाही. सर्नच्या जुन्या कड्यात इलेक्ट्रॉन इतके पळवले गेले, की प्रकाशापेक्षा ते सेकंदाला फक्त चार मिलिमीटरने कमी होते. गोगलगाय त्याहून फार हळू जात नाही. त्यानंतर कितीही ऊर्जा ओतली असती तरी त्या चार मिलिमीटरचे थोडे कमी मिलिमीटर झाले असते, शून्य कधीच नाही. वस्तुमान असलेल्या कशालाही ते शून्य गाठता येत नाही.

ज्याला वस्तुमान नाही तो फोटॉन मात्र त्याच वेगाने जातो, थांबू शकत नाही. मग "फोटॉनला वेळ थांबलेली दिसते" असं म्हणावं का? मी म्हणणार नाही. यानाचा रकाना आपण भरू शकलो, कारण यानात घड्याळ ठेवता येत होतं आणि टॉर्च मारली की प्रकाश पुढे जाताना दिसत होता. फोटॉनसोबत घड्याळ जाऊ शकत नाही, आणि त्याच्यासाठी प्रकाश एकाच वेळी स्थिरही असायला हवा आणि सेकंदाला ३ लाख किलोमीटरने पळणाराही हवा. असा रकाना आखताच येत नाही. कॅल्क्युलेटर तेच सांगत होता.

आता पान उलटून एक उदाहरण स्वतः करा. तारा ४ प्रकाशवर्षांवर, वेग ०.८. त्रिकोण यावेळी ३ चौकटी उभा आणि ४ आडवा काढा. पृथ्वीवर किती वर्षं गेली, यानात किती, जाताना किती निरोप आले आणि येताना किती, दोन्ही बहिणींच्या बाजूने मोजा. तुमच्या वहीत १० आणि ६ वर्षं, यानात जाताना १ व येताना ९ निरोप, आणि पृथ्वीवर पहिल्या ९ वर्षांत ३ व शेवटच्या एका वर्षात ३ निरोप आले, तर हिशेब बरोबर आहे.